चाक पायाने निवडावे

नाटके, जत्रा, सप्ताह आणि पडकी घरे यांवर लिहिणाऱ्या माणसाने आज हे काय काढले, असे नेहमीच्या वाचकांना वाटणार. वाटू दे. टीव्हीवरच्या मोटारशर्यतीच्या खेळासाठी स्टिअरिंगचे चाक कुठले घ्यावे, हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात जितक्या जणांनी विचारला, तितक्यांनी संगीत नाटकाचे पुढे काय होणार हे काही विचारलेले नाही! फोंड्याच्या आमच्या घरात असे चाक प्लेस्टेशन-२ च्या काळापासून आहे आणि साठी उलटलेला घरमालक ते अजून फिरवतो, ही बातमी एव्हाना बऱ्याच घरांत पोचली आहे. विचारणारे बहुतेक पालक, नाहीतर आजी-आजोबा. त्यांचे प्रश्न दोन. ‘कितीला पडते?’ आणि ‘मग अभ्यासाचे काय?’ दोन्ही रास्त आहेत, पण माझ्या मते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे. पहिला प्रश्न ब्रेकचा. आणि त्याच्याही आधी, घरातल्या खऱ्या गाडीची चावी कुठे टांगलेली असते, हा.

हे सगळे सविस्तर भांडून घ्यायची संधी मला भोपाळात मिळाली. तिथे सोनागिरीत माझे थोरले मावसभाऊ राहतात. आपल्या वास्कोहून निघालेली गोवा एक्सप्रेस दूधसागरचा घाट चढून लोंढा, बेळगाव, पुणे, मनमाड, भुसावळ करत थेट भोपाळला जाते, त्यामुळे आमचे जाणे-येणे अजून टिकून आहे. सोनागिरी ही पिपलानीजवळची, भेलच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. त्या कारखान्याने देशभरातून माणसे आणली, त्यांत मराठी घरेही आली. दादांची सारी नोकरी रेल्वेच्या इंजिनांना लागणाऱ्या ट्रॅक्शन मोटरींच्या विभागात गेली. घरातली मराठी आता हिंदीच्या अंगाने चालते, पण भांडण मात्र शुद्ध मराठीत होते.

मी पोचलो तेव्हा भांडण चाकावरूनच पेटलेले होते. नातू अकरावीत, वय सोळा. मामाने दिलेला प्लेस्टेशन-५ घरात आहे, त्याला आता चाक हवे. साधेसे चाकसुद्धा कन्सोलच्या निम्म्या किमतीच्या घरात जाते. बाप, म्हणजे माझा पुतण्या, म्हणत होता, “खेळण्यावर एवढे पैसे मी घालणार नाही. संपला विषय.” नातू माझ्याकडे वळला. “गोवावाले आजोबा, तुम्ही बोला ना बाबांशी.”

मी बोलणारच होतो, पण दुसऱ्याच गोष्टीवर. कारण त्याच रविवारी सकाळी, नाश्त्याला पोहे-जिलेबी आणायला निघताना, त्याच बापाने त्याच पोराच्या हाती मोटारीची किल्ली दिली होती. स्वतः शेजारी बसला होता, हे खरे. भेलच्या वसाहतीतले रस्ते रुंद, सरळ आणि सकाळचे मोकळे. “इथे कोण अडवतंय काका? हात साफ होतो त्याचा,” असे वर मला समजावले. म्हणजे दीड टनाची खरी गाडी सोळाव्या वर्षी चालते, आणि तीन-चार किलोचे प्लास्टिकचे चाक म्हणजे उधळपट्टी!

हा हिशेब केवळ त्या एका घराचा नाही. आपल्या गोव्यात तरी वेगळे काय आहे? बारावीच्या आधी पोर स्कूटरवरून शिकवणीला जाते, आणि बाप कौतुकाने सांगतो, ‘आपसूक शिकला.’ म्हणून आधी कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. पुतण्याला मी एवढेच म्हटले, की तुझे चाकाचे तीस हजार वाचले, पण ही पावती मोठी आहे.

आणि पैशाचा हिशेब तर त्यात सगळ्यात हलका. १९ मे २०२४ ची पहाट पुणेकर विसरणार नाहीत. कल्याणीनगरात एका पोर्श मोटारीने दुचाकीवरच्या दोघांना उडवले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. मेलेले दोघेही तरुण अभियंते, नोकरीसाठी पुण्यात आलेले, आणि दोघेही मध्य प्रदेशातले. बाल न्याय मंडळाने आधी जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली होती, ती देशभर गाजली आणि लोकांच्या संतापानंतर तो आदेश बदलला. भोपाळच्या घरात बसून या प्रसंगाचा उल्लेख केला तेव्हा कुणी काही बोलले नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. वेग कुणाला शिकवावा लागत नाही. तो सोळाव्या वर्षी अंगात असतोच. शिकवावे लागते ते थांबणे.

म्हणून माझे मत असे, की किल्ली अठरापर्यंत कपाटात आणि चाक घरात. पण ते चाकही नीट निवडलेले. आता त्याकडे वळू.

कुळी आधी पाहा

पहिली पायरी रुक्ष आहे, पण तीच चुकली तर पुढचे सारे व्यर्थ. चाक कुठल्या कन्सोलला चालते हे आधी पाहावे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोघांनी आपापल्या यंत्रांना कुलपे घातली आहेत. परवाना घेतलेल्या चाकाच्या पोटात ओळख पटवणारी चिप असते, ती नसेल तर कन्सोल त्याला ओळखत नाही. लॉजिटेकची जी-२९ आणि जी-९२० ही दोन चाके २०१५ साली आली. दिसायला सख्खी भावंडे, पण पहिले प्लेस्टेशनचे, दुसरे एक्सबॉक्सचे. संगणकावर दोन्ही चालतात, एकमेकांच्या घरात मात्र पाऊल टाकत नाहीत. २०२० च्या जी-९२३ चे तर नाव एकच आणि प्रकार दोन! खोक्यावर कुठल्या कन्सोलचे चित्र आहे ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुन्या मालात ही फसगत जास्त. जी-२७ हे एकेकाळचे फार नावाजलेले चाक, चामड्याने मढवलेले, गिअरच्या दांड्यासकट. अजून पुष्कळ घरांत पडून आहे आणि स्वस्तात मिळते. पण ते प्लेस्टेशन-३ पर्यंतचे. प्लेस्टेशन-४ किंवा ५ ला जोडले तर नुसते शोभेचे. जी-२९ मात्र प्लेस्टेशन-५ वर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ सारख्या खेळांना चालते.

खेळही आधीच ठरवलेला बरा. ‘ग्रॅन टुरिस्मो’ हवा असेल तर प्लेस्टेशनच लागणार. फॉर्म्युला वनचा अधिकृत खेळ आणि ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ दोन्हीकडे मिळतात. घरात निन्टेन्डोचा स्विच असेल आणि पोरे ‘मारिओ कार्ट’ खेळत असतील, तर महागड्या चाकाच्या वाटेला जाऊच नका. तिथे बटणांचीच मजा आहे.

पायपेटी आणि वजनकाटा

आता ब्रेक. दुकानात गेलेला माणूस आधी चाकाला हात लावतो, मढवलेले चामडे चाचपतो, दोन फेरे देतो. पेडले टेबलाखाली असतात, तिकडे बघतही नाही. माझ्या मते खरेदी तिथेच फसते.

खऱ्या गाडीत ब्रेक दाबला की सारे शरीर पुढे झुकते. पट्टा छातीला ओढ देतो, मान हलते, डिकीतला नारळ गडगडत पुढे येतो. ब्रेक किती लागला हे आपल्याला अख्ख्या अंगाने कळते. घरातल्या खुर्चीत यातले काहीच होत नाही. पडद्यावर गाडी दोनशेवरून साठवर येते आणि आपण जिथल्या तिथे. मग ब्रेक किती दाबला हे सांगणारा एकच दूत उरतो, तो म्हणजे तळपाय. तोच बधिर असेल तर खेळणारा आंधळेपणाने खेळतो.

स्वस्त पेडलांत आत पोटेन्शिओमीटर असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाची खुंटी फिरवायचो, तिच्या पोटात असायचा तोच. पेडल किती खाली गेले हे तो मोजतो. महाग पेडलांत लोड सेल असतो, म्हणजे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असतो तोच भाग. पाय किती सरकला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किती जोराने दाबला ते तो मोजतो. मोटारीचा ब्रेकही मुळात असाच वागतो. पहिला थोडा प्रवास झाला की पुढे पेडल फारसे हलत नाही, दाब वाढत जातो.

नाटकवाल्यांना हे चटकन कळेल. पायपेटी वाजवणाऱ्याला विचारा, पाय किती खाली गेला हे तो कधी मोजतो का? भात्यातल्या हवेचा दाब त्याला तळव्याला कळतो, त्यावर स्वर श्वासासारखा चढतो-उतरतो. नवशिका नुसते पाय हापसतो, म्हणून त्याचा सूर उसकी लागल्यासारखा येतो. ब्रेकचेही तसेच. शरीराला अंतरापेक्षा दाबाची आठवण चांगली राहते, म्हणून लोड सेलवर शिकलेला हात, नव्हे पाय, लवकर बसतो.

पण लोड सेलची पेडले वेगळी घ्यायची तर बजेट दुप्पट होते. मग मधला मार्ग काय? जी-२९ च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या आत रबराचा तुकडा असतो, त्यामुळे शेवटी शेवटी पेडल ताठ होते. अनेक जण कुरकुरतात की फारच कडक आहे. मला तो तिचा गुण वाटतो, दाबाची चव त्यातून थोडीतरी मिळते. थ्रस्टमास्टरच्या टी-२४८ बरोबर येणाऱ्या पेडलांत घासणारा भाग नाही, चुंबकीय संवेदक आहे, आणि ब्रेकचा ताठपणा स्प्रिंग बदलून कमी-जास्त करता येतो. त्याच कंपनीच्या टी-१५० सारख्या सुरुवातीच्या संचात पेडले दोनच आणि हलकी असतात. माझे मत विचाराल तर चाक एक पायरी खालचे चालेल, ब्रेक खालचा नको.

दादांचा बॅकलॅश

चाकाला जोर देणारी मोटर आतमध्ये असते. पुढची चाके रस्त्यावर घसरू लागली की हातातले चाक हलके पडते, कडेच्या पट्टीवर गेले की थरथरते, गाडी सरळ व्हायला लागली की चाक आपण होऊन मध्यावर यायला बघते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. ज्या चाकात तो नाही, नुसता रबराचा ताण आहे, ते घेऊ नये. ते लहान मुलांचे खेळणे.

हा जोर हातापर्यंत पोचवायचे तीन मार्ग. लॉजिटेकच्या जी-२९, जी-९२० आणि जी-९२३ मध्ये दातेरी चक्रे. थ्रस्टमास्टरच्या टी-३०० मध्ये पट्टा. आणि महाग चाकांत मोटरीच्या दांड्यावर थेट चाक बसवलेले, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. फॅनाटेकने २०२१ साली आणलेल्या सीएसएल डीडीनंतर हा प्रकार कन्सोलवाल्यांच्या थोडासा आवाक्यात आला.

इथपर्यंत दादा पेपर वाचत होते. ‘दातेरी चक्रे’ शब्द कानावर पडला आणि पेपर खाली आला. “गिअर आला म्हणजे बॅकलॅश आलाच,” ते म्हणाले. दोन चक्रांच्या दातांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर ती अडकतील. त्या मोकळिकीमुळे दिशा बदलताना चाक क्षणभर काहीच बोलत नाही, आणि मग खट्कन बोलते. पट्ट्यात खडखड नाही, पण पट्टा जोराची धार मऊ करतो. मधले सगळे काढून टाकले की मोटर सांगेल तेच हाताला कळणार. तीस-बत्तीस वर्षे मोटरींत घालवलेल्या माणसाने खेळण्याचे पोट असे पाच मिनिटांत उलगडून दाखवले, आणि ज्या आजोबांचा चाकाला विरोध आहे अशी घरात समजूत होती, ते नातवाशी न्यूटन-मीटरवर बोलू लागले.

या न्यूटन-मीटरची भीती बाळगू नका. चाकाचा व्यास २८ सेंटीमीटर धरला, तर जी-२९ चा साधारण २.२ न्यूटन-मीटरचा जोर म्हणजे कडेला सुमारे दीड किलोची ओढ. सालासकट एक नारळ टांगल्याएवढी. सीएसएल डीडी मोठ्या वीजपुरवठ्यावर ८ न्यूटन-मीटर देते, म्हणजे पावणेसहा किलोच्या आसपास. लॉजिटेकचे २०२२ चे प्रो चाक ११ देते. कितीही आकडे वाचा, सोळा वर्षांच्या नवशिक्याला नारळाएवढी ओढ पुरते. जोर जास्त म्हणजे ज्ञान जास्त, असे नाही. उलट जोरकस चाक धडकेच्या वेळी असे उसळते की आऱ्यांत अडकवलेला अंगठा दुखावतो. अंगठे नेहमी कडेवर ठेवावेत, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

फेऱ्यांचे गणित मात्र पाहावे. खरी मोटार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे घेते. म्हणून चाकही ९०० अंशांचे, म्हणजे अडीच फेऱ्यांचे हवे. प्लेस्टेशन-२ च्या दिवसांत ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ बरोबर लॉजिटेकचे ९०० अंशांचे चाक पहिल्यांदा हाती आले, तेव्हा वळणावर हात ओलांडून फिरवताना किती हसू आले होते ते मला आठवते. त्याआधी १८०-२०० अंशांत सगळे उरकायचे. चोर्ल्याच्या घाटातले वळण अर्ध्या फेऱ्यात कुणी घेतो का?

टेबल, खुर्ची आणि जुना माल

चाक कशावर बसवणार, हा प्रश्न दुकानदार विचारत नाही. आपण विचारावा. चाकाखाली क्लॅम्प असतात, ते साधारण जाड, ठोस फळीला धरतात. काचेच्या टेबलाला ते लावू नयेत. जेवणाचे टेबल चालते, पण रोज काढा-लावा करताना घरातल्या बाईमाणसाच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पंधरा दिवसांत चाक माळ्यावर जाते. त्यापेक्षा घडीचा लोखंडी स्टँड बरा. गल्लीतल्या वेल्डरनेही करून दिलेला मी पाहिला आहे.

पेडले फरशीवर सरकतात, हा दुसरा त्रास. कडक ब्रेक दाबला की संचच भिंतीकडे पळतो. संच भिंतीला टेकवावा किंवा स्टँडला स्क्रूने आवळावा. चाकांची खुर्ची असेल तर तीही मागे पळते. सोनागिरीत त्यावर साधा तोडगा निघाला. चाकाची खुर्ची बाहेर गेली आणि दादांची जुनी लाकडी खुर्ची आत आली.

जुने चाक घ्यायला हरकत नाही, उलट पहिल्यांदा जुनेच घ्यावे. मात्र स्वतः लावून पाहावे. वीज देताच चाक आपण होऊन दोन्ही टोकांपर्यंत फिरून मध्यावर येते. तिथे अडखळले किंवा कर्रकर्र वाजले तर सोडून द्यावे. मूळ अडॅप्टर बरोबर आहे ना ते पाहावे, त्याच्याशिवाय मोटर मुकी. मग ब्रेक अगदी सावकाश दाबत पडद्यावरची ब्रेकची पट्टी पाहावी. ती नीट चढत न जाता उड्या मारत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ आहे. साफ करता येते, पण तेवढे पैसे कमी करून घ्यावेत. गिअरचा वेगळा दांडा लगेच नको. चाकामागच्या पात्यांनी वर्षभर निभते.

दुसरी बाजू

आता कुणी म्हणेल, खेळात वेगाची चटक लागून पोरे रस्त्यावर तसेच वागतील त्याचे काय? हा आक्षेप हवेतला नाही. २००७ साली जर्मन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भर रस्त्यात बेदरकार हाकायला लावणारे खेळ खेळल्यानंतर माणसे रहदारीच्या प्रसंगांत जास्त धोका पत्करतात, असे त्यात दिसले. म्हणून माझ्या लेखी खेळाची निवड चाकाइतकीच महत्त्वाची. पोलिसांना चुकवत, समोरच्या गाड्या चिरडत जाण्याचे गुण देणारे खेळ मी त्या घरात सुचवणार नाही. बंदिस्त धावपट्टीवरचा खेळ वेगळा. तिथे कडेला गेलात की वेळ गेला, धडकलात की शर्यत गेली.

‘ग्रॅन टुरिस्मो’चा पहिला खेळ १९९७ साली जपानमध्ये आला तेव्हापासून त्यात एक गोष्ट आहे, जिचे मला अजून कौतुक वाटते. शर्यतींत उतरण्यासाठी आधी परवान्याच्या परीक्षा. आणि अगदी पहिली परीक्षा कसली? गाडी सुरू करा, पळवा आणि ठरलेल्या पट्ट्यात थांबवा. पट्टा ओलांडलात की नापास. बस्स. पोरे ती कंटाळून उरकतात, आणि मला वाटते, अख्ख्या खेळातला सगळ्यात मोलाचा धडा तोच.

तरी खेळ म्हणजे रस्ता नव्हे, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून खरे शर्यतपटू निवडायची स्पर्धा २००८ साली सुरू झाली. २०११ साली ती जिंकलेला ब्रिटिश तरुण जॅन मार्डनबरो २०१३ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ साली चित्रपटही निघाला. पण याच मार्डनबरोची गाडी २०१५ साली जर्मनीत न्यूरबर्गरिंगला हवेत उडून कुंपणापलीकडे गेली, आणि एक प्रेक्षक मेला. घरातल्या चाकापासून जगातल्या उत्तम प्रशिक्षकांपर्यंत सगळे ज्याला लाभले त्याच्या बाबतीत हे घडले. खऱ्या रस्त्यावर पुन्हा सुरू करायचे बटण नसते. मग धावपट्टी सोडा, आपल्या रस्त्यावर आडवी येणारी गाय, दिवे नसलेली सायकल, उतारावर गाडी लावून गप्पा मारणारा टेम्पोवाला, यांपैकी एकही त्या खेळात नाही.

एक हिशेब मात्र चाक मनात पक्का बसवते. ताशी ५० किलोमीटरने जाताना, धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर गाडी १४ मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण १४ मीटर. ताशी १०० ला पहिले अंतर दुप्पट, २८. दुसरे मात्र चौपट, ५६. म्हणजे ८४ मीटर, आपल्या देवळाच्या अंगणाहून लांब. हे पुस्तकात वाचून कुणालाच पटत नाही. पडद्यावर शंभर वेळा वळणाबाहेर वाळूत गेल्यावर पायाला पटते. सरकारनेही २०२१ च्या नियमांत मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर बंधनकारक केला, तो काही हौस म्हणून नव्हे.

सोनागिरीत शेवटी ठरले ते असे. नवे चाक नाही. इंदूरच्या एका कॉलेजच्या मुलाचे जुने जी-२९, दादांनी स्वतः फिरवून, कान लावून पारखलेले. स्टँड जवळच्या वेल्डरकडून. खेळ एकच, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’, आणि थांबायच्या सगळ्या परीक्षांत सोने मिळाल्याशिवाय शर्यत नाही. मोटारीची किल्ली दादांच्या कपाटात, अठरा पूर्ण होईपर्यंत. पोहे आणायला पुतण्या एकटा जातो, किंवा दोघे चालत जातात. नातू पहिले दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी त्याला ब्रेकच्या परीक्षेत चांदी मिळाली. सोन्याला सेकंदाचा काही भाग कमी पडला, तेव्हा तो मला म्हणाला, “आजोबा, मी खूप उशिरा सोडतो, नाही का?” सोडतो म्हणजे वेग सोडतो. मी म्हटले, हे तुला कळले ना, मग अर्धे पैसे वसूल.

गोव्यातल्या ज्या पालकांनी मला विचारले त्यांना माझे सांगणे तेवढेच. कन्सोल पाहून कुळी ठरवा. ब्रेक पाहून चाक ठरवा. उरलेले पैसे स्टँडवर घाला. आणि चाक घरी आणाल त्याच दिवशी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून आपल्या खिशात ठेवा. चाकाला पैसे नसतील तर नका आणू, काही बिघडत नाही. किल्ली मात्र तरीही काढाच.